सरजाबाईच्या गळकाठ्या

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला माझ्याकडून शहाणपणाची अपेक्षा राहणार नाही. नवी नवरी असताना मी तीन गळकाठ्या कापसात गुंडाळल्या, वर कडुलिंबाचा पाला घातला आणि शेणमातीनं लिंपून बंद केल्या. धान्याची कणगी लिंपतात ना, अगदी तशा. मासे धरायच्या काठ्या, नदीच्या पाण्यानं निथळत असलेल्या... आणि मी त्यांना बाळंतिणीसारखं उबेत झोपवलं. का, तर त्यांना धक्का लागू नये. त्या काठ्या माझ्या नणंदेच्या, सरजाबाईच्या. ती गेल्या महिन्यात वारली. गावाकडचा पुतण्या सकाळच्या गाडीनं अमरावतीला माझ्याकडे आला, दारात उभा राहिला आणि पाणी दिलं तर हातात धरूनच बसला, तेव्हाच मी समजले. दुपारी भाकर खाल्ली म्हणे, ओट्यावर आडवी झाली, उन्हं कलली म्हणून उठवायला गेलो तर... आणि मला, लोकहो, रडू यायच्या ऐवजी त्या कापसातल्या काठ्या आठवल्या आणि हसू आलं. सून घाबरून माझ्याकडे पाहत राहिली. बुढीचं डोकं फिरलं असं तिला वाटलं असणार. रडले मी, पण ते नंतर, भांडी विसळताना.

आमचं सासर पूर्णेच्या काठी, अकोल्याहून सकाळी बंडी जुंपली तर दिवस मावळायच्या बेतात पोचावं एवढ्यावर. घर माळ्याचं. काठच्या जमिनीत वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर, हिवाळ्यात कांदे. बाजाराचं गाव पलीकडच्या काठी, म्हणून घरची एक नाव होती, रुंद, बसकी, म्हशीच्या पाठीसारखी. ती सरजाबाई चालवायची. लांब वेळू तळाशी रोवायचा आणि अंगाचा भार टाकून नाव पुढं ढकलायची. मी अंजनगावची, पानमळेवाल्यांची लेक. पानवेलीला ऊन किती लागतं नि सावली किती, एवढं मला कळत होतं, त्यामुळे जगातलं सगळंच कळतं असा माझा समज होता. पहिल्यांदा नावेत बसले तेव्हा डोळे गच्च मिटून मी सरजाबाईचा पदर दोन्ही हातांनी धरला आणि विचारलं की हिला थांबवायचं तर कासरा कुठून ओढायचा. ही गोष्ट सरजाबाईनं गावातल्या प्रत्येक लग्नात सांगितली. जेवणाच्या पंगतीत मी वाढायला निघाले की कोणीतरी म्हणायचंच, वयनी, कासरा ओढा.

माझ्याहून ती चार-पाच वर्षांनी मोठी. लग्न झालं आणि वर्षाच्या आत नवरा पटकीनं गेला, ती माहेरी परत आली. आमच्यात विधवेचा पाट लावायची चाल आहे, दोन-तीन ठिकाणं आलीही होती. तिनं आलेल्या प्रत्येक पाहुण्याला काहीतरी विचारून पळवून लावलं. परतवाड्याकडच्या एका भल्या माणसाला तिनं विचारलं होतं, तुमच्या गावच्या नदीत कोणते मासे राहतात. त्याला सांगता आलं नाही. तिनं म्हटलं, इतकी वर्षं तिथं राहून माईत नाई तं मले काय वळखान? मामंजी, म्हणजे माझे सासरे, त्या दिवशी फार संतापले होते. पण नंतर त्यांनी तो विषय काढला नाही आणि नाव तिच्या हाती राहू दिली.

तिच्याकडे तीन काठ्या होत्या, बारकी, मधली नि थोरली. बारकीला दोरा अंबाडीच्या सुताचा, केसासारखा बारीक. थोरलीचा दोरा मी कपडे वाळत घालायला मागितला तर तिनं माझ्याशी दिवसभर बोलणं टाकलं. दोऱ्याला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा बांधलेला, तो पाण्यावर तरंगायचा आणि बुडाला की खाली कोणीतरी आहे. भाजी पलीकडे पोचवून येताना ती डोहाच्या कडेला नाव उभी करायची आणि गळ टाकून बसायची. मला वाटलं, विधवा बाई, जिभेला चव नको का, करत असेल मासोळीचं कालवण. पण ती मासोळी खातच नव्हती. नवरा गेल्यापासून सोडली होती. धरलेला मासा ती हातात फिरवून पाहायची, तोंड उघडून आत डोकवायची, कल्ले उचलायची, आणि मग एक तर पाण्यात सोडायची नाहीतर मासे धरणाऱ्या भोयाच्या घरी देऊन टाकायची. एकदा तिनं एक शिंगटा मासा माझ्या कानाशी धरला. तो खरंच कुरकुरत होता, रुसलेल्या म्हाताऱ्यासारखा. मी किंचाळून नावेच्या दुसऱ्या टोकाला गेले, नाव कलंडली, अर्धी टोपली वांगी नदीत गेली.

सावरल्यावर मी विचारलं, "खात नाई तं धरता कायले, बाई?"

ती म्हणाली, "वरून पानी सारखंच दिसते, वयनी. खाली कोन राहून राह्यलं, हे आपल्याले माईत नको?"

मला तेव्हा या बोलण्याचं हसू आलं होतं. घरी इतकी कामं पडलेली आणि ही पाण्याखालच्या शेजाऱ्यांची चौकशी करते. पण मग मलाही चाळा लागला. मरळ मधूनच वर येऊन तोंड का उघडते, वाम दिवसा कुठं लपते, पाऊस येणार हे माशांना आधी कळतं की मुंग्यांना... आम्ही दोघी परतीच्या वाटेवर असल्या पंचायती करायचो.

मग कापसाची ती वर्षं आली. वाचकांनी घरच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलंच असेल, सातासमुद्रापार अमेरिकेत भावाभावांत लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना आणि इकडे आमच्या वऱ्हाडात कापसाला भाव चढला. अकोल्याला आगगाडी येणार येणार म्हणून बोलणं चाललेलं, व्यापाऱ्यांची माणसं गावोगाव फिरत होती. सरजाबाईला त्या लढाईची फार चौकशी होती. बाजारातून कोणी आलं की ती विचारायची, ते लोक काहून भांडून राह्यले, त्यांच्याकडे नदी आहे का, अन् भांडत असताना त्यांची पऱ्हाटी, कापसाचं पीक, कोण वेचते. कोणाला सांगता येत नसे. मामंजींना मात्र एकच कळत होतं की हे दिवस पुन्हा येणार नाहीत. त्यांनी वांग्यांचे वाफे मोडले, मिरची उपटली, सगळीकडे कापूस लावला. घरात, ओसरीत, माझ्या निजायच्या खोलीतसुद्धा कापसाचे ढीग. शिंक आली तरी कापूस उडायचा. आणि आमची भाजीची नाव कापसाची झाली.

गाठोडी नावेत काठोकाठ भरायची, काठ्यांना जागाच उरली नाही. आधी मधलीवर गाठोडं पडलं आणि तिचं टोक मोडलं. मग एक दिवस थोरलीचा गळ एका गाठोड्यात रुतला, उतरवताना ते टराटरा फाटलं आणि कापूस पूर्णेच्या पाण्यावरून वाहत निघाला. मामंजी कमरेइतक्या पाण्यात उतरून दोन्ही हातांनी कापूस गोळा करत होते, बगळे उडवायला निघाल्यासारखे. काठावर येऊन ते ओरडले नाहीत, त्यामुळेच आम्ही घाबरलो.

ते म्हणाले, "सरजे, अखीन एकडाव गळ अडकला तं काठ्या चुलीत जातीन. अन् नाव मी वाट्यानं भोयाले देऊन टाकतो. तू घरी सरकी निवडत बस."

सरजाबाईनं फाटलं गाठोडं बांधून टाकलं. रात्री भाकर मोडून नुसती ताटात ठेवून उठली. तिला घरात बसवलं तर काय होईल हे मला, इतकी मूर्ख असूनही, स्पष्ट दिसत होतं. घरात आम्ही सगळे तिला काहीतरी होतो, मुलगी, बहीण, नणंद, विधवा. नदीवर ती नुसती सरजा होती.

मग मी ठरवलं की हा प्रश्न मीच सोडवणार. माहेरचा तोरा कामी आणायची हीच वेळ. गोठ्यामागं मेळघाटातून आणलेला एक जाडजूड बांबू पडला होता. तो मी बाजारच्या सुताराकडून उभा चिरून घेतला आणि आतले पेरांचे पडदे काढून टाकले, शेंगेसारखे दोन भाग झाले. एका भागात काठ्या ठेवायच्या, दुसरा वर झाकण, दोरीनं आवळायचं की झालं. इथवर माझं डोकं ठीक चाललं होतं. पण काठ्या आत खडखडू लागल्या, तेव्हा मला वाटलं, यांना मऊ काहीतरी हवं. आणि त्या साली आमच्या घरात मऊ म्हणजे काय होतं? मी माझ्या खोलीतल्या ढिगातून कापूस उपसला, सरकीसकट, आणि बांबूत ठासून भरला. काठ्या त्याच दिवशी नदीवरून आलेल्या, दोरे ओले. मग आठवलं की ठेवणीतल्या वस्तूला कीड लागते, म्हणून कडुलिंबाचा पाला. मग आठवलं की कणगी लिंपली नाही तर वारा शिरतो, म्हणून शेणमाती. सगळं करून झाल्यावर मी तो बांबू नावेच्या तळाशी, आडव्या फळीखाली बांधला आणि सरजाबाईला म्हटलं, आता खुशाल गाठोडी टाका. तिनं बांबूभोवती एक फेरी मारली. वास घेतला. तिला बहुधा कुतूहल होतं की आतून काय निघतं.

कापसाच्या खेपा चालू होत्या, आठ-दहा दिवस गळ टाकायला सवड झाली नाही. ऊन चांगलं तापत होतं आणि नावेच्या तळाला नेहमीप्रमाणे थोडं पाणी. एका दुपारी परतीला नाव रिकामी होती, तिनं डोहाशी थांबवली आणि मला म्हणाली, उघड तुही कणगी. मी ऐटीत दोरी सोडली, लिंपण फोडलं, वरचा भाग उचलला. आतून असा दर्प आला की डोहातली मरळसुद्धा खाली गेली असेल. कापूस काळा पडून काठ्यांना चिकटलेला, तिन्ही गळ त्यात असे गुंतलेले की हात घालायची सोय नाही, दोरे कुजलेले, बारकी काठी फुगून वाकलेली. आणि सगळीकडून, काठीच्या या अंगानं, त्या अंगानं, गळाच्या टोकाजवळून, पांढरे नि हिरवट कोंब वर आलेले. सरकी उगवली होती. ऊब, ओल, अंधार... दुसरं काय हवं असतं बियाला?

मी तिथंच बसून रडायला लागले. सरजाबाई मात्र बांबूवर ओणवी झाली, एक कोंब दोन बोटांत धरून उन्हाकडे केला आणि म्हणाली, "वयनी, तू तं गळावर पऱ्हाटी पेरली वं."

रागाचा शब्द नाही. तिनं एकेक कोंब सोडवून ओंजळीत घेतला, मुळं केवढी झाली, टरफल कुठं अडकलं, सगळं पाहिलं. मग, वेळू पाण्यात तसाच रोवलेला, ती म्हणाली की बियाला जे पाहिजे तेच काठीला नको. बियाला झाकावं लागतं, काठीला मोकळं ठेवावं लागतं. नळी हवी ती दोन्हीकडून उघडी, पाणी निथळून जाईल, वारा इकडून तिकडे जाईल. आणि हे बोलता बोलता तिचा चेहरा तसा झाला, जसा धांडं बुडाल्यावर व्हायचा.

"पेरलंच हाये," ती म्हणाली, "तं मंग तिफनच आनू."

तिफण म्हणजे आमची तीन नळ्यांची पाभर. वरच्या चाड्यात बी सोडायचं, ते तीन पोकळ बांबूंतून घरंगळत मातीत तीन ओळींत पडतं. त्या साली मामंजींनी नवी तिफण करवून घेतली होती आणि त्यांच्या वडिलांच्या हातची जुनी गोठ्यात टांगून ठेवली होती. तिच्यावर अजून कुंकवाची बोटं होती. आमच्यात जुनी तिफण जाळत नाहीत, फोडत नाहीत. मृगाआधी नव्या तिफणीबरोबर तिचीही पूजा होते. मी कानाला हात लावले. पेरणीच्या नळीत मासे धरायची काठी म्हणजे काय झालं? सरजाबाईनं मला समजावलं की आपण तिला चुलीत थोडीच घालतोय, कामालाच लावतोय. मला पटलं नाही, पण ज्या बाईनं काठ्यांना शेणमाती लिंपली तिनं शास्त्र काय सांगायचं, म्हणून मी गप्प बसले.

मामंजी अकोल्याला गेले होते तेव्हा आम्ही दोघींनी त्या नळ्या सोडवल्या. नावेच्या पोटात जागा नव्हतीच. पोटात कापूस राहू दे, काठ्या कुशीला, असं ती म्हणाली आणि नळ्या नावेच्या बाहेरच्या अंगाला, वरच्या काठाखाली, किंचित तिरप्या बांधल्या. काठीचा जाड बुडखा नळीत जायचा, घसरू नये म्हणून खाली एक खुंटी. बारीक टोकाकडे जुन्या मोटेच्या चामड्याचे वेढे ठोकले, त्यातून काठी ओवायची. आणि प्रत्येक गळ धांड्याच्या तुकड्यात टोचून ठेवायचा, म्हणजे तो कोणाच्या गाठोड्यात शिरणार नाही. वाकलेली बारकी आम्ही दगडाखाली दाबून सरळ केली, मधलीला नवं टोक जोडलं, दोरे पुन्हा वळले. हे सगळं करताना मला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. हात चालू असताना सरजाबाई गुणगुणत होती. घरात तिला गुणगुणताना मी कधीच ऐकलं नव्हतं.

मग मामंजी परत आले आणि दुसऱ्याच सकाळी कापूस घेऊन निघाले. बाजाराच्या निमित्तानं मीही नावेत होते, गाठोड्यांच्या मध्ये, फळी धरून. चढताना त्यांनी नावेत नजर फिरवली, काठ्या दिसल्या नाहीत, तशी त्यांची मुद्रा जरा सैल झाली. त्यांना वाटलं असावं, पोरगी समजली. नाव मध्यावर आली तेव्हा ते हात धुवायला बाहेर वाकले. आणि वाकलेलेच राहिले. बापाच्या हातच्या नळ्या माणूस कुठंही ओळखतो.

ते सरळ झाले आणि विचारलं, "तिफन कोन सोडली?"

सरजाबाईचा वेळू थांबला. नाव प्रवाहात हळूहळू आडवी व्हायला लागली. मला पाण्याची भीती, मामंजींची भीती, आणि त्याहून मोठी भीती की आता भोयाला हाक जाणार. या तीन भीतींत माझ्या तोंडून जे निघालं ते आजतागायत मला उमगलेलं नाही. मी म्हटलं, "मामंजी, बाईचा दोष नाई. कापसाले कोंब मीच आनले."

कापसाच्या कोंबांची गोष्ट मामंजींना माहीतच नव्हती! कापूस नेला, भिजवला, कुजवला, यातलं काहीच नाही. सरजाबाईनं डोळे मिटून घेतले. त्यांनी विचारलं, कोणचे कोंब? आता सुटका नव्हती. मी सगळं सांगितलं, बांबू, कडुलिंब, शेणमाती, सगळं. ते ऐकत राहिले. आणि मग त्यांनी जे विचारलं त्यानं आम्ही दोघीही चाट पडलो. कापूस कोणत्या ढिगातला? खोलीतला, उगवतीच्या शेतातला? किती उगवलं, अर्धं की सगळं? कोंब जाड होते की सुतासारखे? त्या वर्षी सगळ्यांनी सरकीसकट कापूस व्यापाऱ्याच्या घशात घातला होता, आणि बाजारात नाही नाही ती सरकी आली होती. येत्या पेरणीला कोणतं बी धरेल नि कोणतं दगा देईल, ही चिंता त्यांना खात होती आणि ती त्यांनी घरात कोणाला सांगितली नव्हती. मी म्हटलं, बांबूत टाकलेलं जवळजवळ सगळंच उगवलं. सरजाबाईनं पुढचं सांगितलं, मुळं कशी होती, टरफल कसं सुटत होतं, ओंजळीत धरून पाहिलेलं सगळं. तिला सगळं आठवत होतं.

मामंजी पुन्हा नळ्यांकडे वाकले. एक काठी ओढून काढली, परत सारली. पुन्हा काढली, पुन्हा सारली. जवळच गाठोडी रचलेली होती, कुठं काही अडकत नव्हतं.

"खोलीतला ढीग इकू नका," ते म्हणाले. "बियाले राहू द्या. अन् मिरगाच्या आधी या नळ्या धुवून जाग्यावर लावजा. पूजेत मासोळीचा वास आला तं तुमा दोघीलेच पेरीन."

नाव पुढं पुष्कळ वर्षं सरजाबाईच्या हाती राहिली. तिकडची लढाई संपली, भाव कोसळले, आमच्या मळ्यात पुन्हा वांगी नि सांभार आला, आगगाडी आली, मामंजी गेले. दर मृगाआधी नळ्या चिंचेनं घासून गोठ्यात जायच्या आणि पूजा झाली की परत नावेला. मी पोराबरोबर अमरावतीला आले, आजी झाले, नातीच्या पाटीवर अक्षरं शिकले, आणि आता शेजारच्या बायका मला सल्ला विचारायला येतात. तेराव्याला गेले तेव्हा पुतण्यानं नदीवर नेलं. ती अखेरपर्यंत डोहाशी जाऊन बसायची म्हणे, दिसत नव्हतं तरी दोरा बोटावर धरून. खाली कोण आहे, बोटाला कळायचं. मी काठावर बसून पाण्याकडे पाहिलं. वरून सारखंच दिसत होतं...

त्या सकाळी मामंजी पलीकडच्या काठी उतरून बंडीमागं चालू लागले. मी बाईला म्हटलं, माझ्या तोंडाला लगाम नाही, नको ते बोलून गेले, आता तुमची शपथ, यापुढं शहाण्यासारखी वागेन. तिनं बारकी काठी नळीतून काढली, धांड्यातला गळ सोडवला, दोरा पाण्यात टाकला. तरंगणाऱ्या तुकड्यावरची नजर न हलवता ती म्हणाली, "वयनी, कधी शायनी झाली तं मले सांगजो नको. तुह्या येडेपनानंच लय कामं होतात."